लंडन: आई-बाबा आणि लेकीसोबत निवांत आठवडा. काय बघावं, काय सोडावं?

गारवेल
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी आम्ही पाच जण लंडनला जातोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. व्हिसा हातात आलाय, पॅडिंग्टन स्टेशनजवळ आठवड्यासाठी घर मिळालंय. दिवसांची आखणी करायला बसले, तर जिकडे पाहावं तिकडे त्याच याद्या: लंडन आय, बिग बेन, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ, खरेदी, परत. ओळखीच्या एका टूरवाल्यांनी करून दिलेल्या कार्यक्रमात एकेका दिवसात इतकी ठिकाणं कोंबली होती की त्यातली निम्मी बसच्या खिडकीतूनच दिसणार.

बाबांचं वाचन दांडगं, इतिहासाची भयंकर ओढ, पण गुडघे कुरकुरतात. आई गाते, आणि नाटक-गाण्यासाठी कितीही वेळ बसू शकते. लेक सतत चित्रं काढत असते. आम्हा दोघांना वर्षभरातली ही एकच सुट्टी आहे, त्यामुळे धावाधाव नको आहे.

विचारायचं आहे ते असं: म्युझियम नेमकी कोणती, आणि ती न थकता कशी बघायची? नाटक किंवा मैफल खिशाला फार चाट न लावता बघता येईल का? आणि संध्याकाळी नुसतं बसायला, माणसं बघायला चांगल्या जागा कोणत्या? बाबांना बाबासाहेब जिथे राहिले ते घर बघायचंच आहे. तिथे कसं जायचं हेही सांगा.

थेम्सकाठी
गारवेल, स्वागत. बरीच वर्षं इथे राहतोय, दर उन्हाळ्यात घरी पाहुणे असतात, तेव्हा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकी सगळं त्यावर उभं आहे. दिवसाला शहराचा एकच भाग घ्या. लंडन नकाशावर दिसतं त्यापेक्षा पायांना खूप मोठं लागतं. सकाळी ग्रिनिच, दुपारी केन्सिंग्टन आणि रात्री कॅम्डेन असं केलंत, तर दिवसाचे तीन तास भुयारात जातील आणि बाबांचे गुडघे दुसऱ्याच दिवशी उत्तर देतील.

फिरायला ट्यूबपेक्षा (म्हणजे भुयारी रेल्वेपेक्षा) बस धरा. जुन्या ट्यूब स्टेशनांत जिने खूप, कित्येक ठिकाणी लिफ्ट नाही, आणि सेंट्रल किंवा बेकरलू लाइनवर उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, कारण त्या गाड्यांना एसी नाही. अपवाद एलिझाबेथ लाइनचा. २०२२ मध्ये सुरू झाली, गाड्या थंडगार, सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्प, आणि तुमच्या पॅडिंग्टनवरूनच जाते. बसचं भाडं एका माणसाला सुमारे पावणेदोन पाउंड. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदला, पुन्हा पैसे लागत नाहीत. रोख पैसे बसमध्ये चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतःचं कॉन्टॅक्टलेस कार्ड हवं, आणि दिवसभर तेच कार्ड वापरायचं. सकाळी फोन आणि दुपारी कार्ड असं केलं, तर यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होतात आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा फायदा हातचा जातो. लेक ११ च्या आतली आहे, तिचा प्रवास मोठ्या माणसांसोबत फुकट.

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर ती सोडू नका. १५ नंबर ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. ९ नंबर अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर करत पिकॅडिलीतून ट्रॅफल्गर स्क्वेअरला येते. टुरिस्ट बसचे पैसे वाचतात. आई-बाबांना मात्र बस थांबलेली असतानाच जिना चढायला-उतरायला सांगा.

म्युझियमबद्दल संध्याकाळी लिहितो.

कोकणकन्या२
धागा वाचनखुणेत टाकला. आम्हीही पुढच्या वर्षी जाणार आहोत.

जुनीपाने
गारवेल, तुम्ही पॅडिंग्टनला राहणार म्हणजे एक फार सुंदर दिवस तुमच्या दारातच आहे. तुमच्या बाबांसाठी मुद्दाम लिहितोय.

पॅडिंग्टनहून कालव्याच्या कडेने चालत गेलात की थोड्याच वेळात 'लिटल व्हेनिस' लागतं. दोन कालवे मिळतात तिथे मोठं पाणी आहे, रंगीत लांबट होड्या बांधलेल्या असतात, आणि कित्येक होड्यांमध्ये माणसं कायमची राहतात. टपावर कुंड्या, सायकली, सरपणाच्या मोळ्या. तिथून दोन पावलांवर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिच्यातलं १० नंबरचं घर बघा. त्यावर पाटी आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते इंग्लंडला आले होते ना, तो हाच काळ. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं. पण त्या गल्लीतली झाडं, ती स्तब्धता, आणि भिंतीवर आपल्या माणसाचं नाव! माझ्यासोबत आलेले काका किती तरी वेळ तिथून हलायला तयार नव्हते.

मग लिटल व्हेनिसवरून वॉटरबस घ्या. रीजंट्स कॅनॉलमधून, अंधाऱ्या बोगद्यातून आणि प्राणिसंग्रहालयाच्या मधून ती कॅम्डेनला नेते, पाऊण तासाच्या आसपास लागतो. हा कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला, तेव्हा होड्या घोडे ओढत. काठाकाठाने चालतही जाता येतं, अंतर सुमारे चार किलोमीटर. पण तुमच्या बाबांना होडीच बरी.

कॅम्डेनहून चॉक फार्म आणि तिथून किंग हेन्रीज रोड. घर क्रमांक १०. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक म्हणून बघता येतं. उघडं असण्याच्या वेळा जाण्याआधी नक्की तपासा. बाहेरून दिसायला अगदी साधं, शेजारच्या घरांसारखंच. त्या काळात ते पहाटे निघून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढत, हे आठवून बाबांना तिथून ब्रिटिश म्युझियमपर्यंतचं अंतर नकाशावर दाखवा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्याच काळातला, १९२३ मध्ये त्यावर डीएससी मिळाली.

घराच्या जवळच प्रिमरोज हिल. चढ सोपा आहे, वर बाकं आहेत, आणि जवळजवळ सगळं मध्य लंडन एका नजरेत येतं. जुलैअखेरीस सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. डबा घेऊन जा.

थेम्सकाठी
जुनीपाने, हा दिवस मी माझ्या पुढच्या पाहुण्यांसाठी उचलतोय.

आता म्युझियम. लंडनची मोठी सरकारी म्युझियम फुकट आहेत, आणि हीच गोष्ट आपण नीट वापरत नाही. फुकट आहे म्हणजे तासाभरात बाहेर पडता येतं आणि परवा पुन्हा जाता येतं. पैसे वसूल करायचे नसतात. एकेका म्युझियममधलं एकच दालन ठरवा, तिथे मनसोक्त थांबा आणि बाहेर या.

ब्रिटिश म्युझियमला शुक्रवारी संध्याकाळी जा. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि शाळांच्या सहली, टूरचे घोळके तोवर निघून गेलेले असतात. फुकट तिकीट आधी वेळ ठरवून काढून ठेवा, रांग कमी लागते. रोझेटा शिलेपाशी गर्दी असतेच, ती बघून पुढे सरका आणि बाबांना अमरावतीच्या शिल्पांकडे न्या. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीचे शिलापट, काचेमागे एका लांब दालनात लावलेत. त्यातला एक पट दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. एका बाजूला जुनं काम: बोधिवृक्ष, खाली रिकामं आसन, भोवती नमस्कार करणारी माणसं. बुद्धाची आकृती नाही, कारण तेव्हा ती दाखवत नसत. पुढे काही शतकांनी तोच दगड उलटा फिरवून मागच्या बाजूवर संपूर्ण स्तूप कोरला: कठडा, खांब, सिंह, वर उडणारे गंधर्व. मूळ स्तूप आज उभा नाही, तेव्हा तो कसा दिसत असेल हे कळायला हा दगड फार मोलाचा. लेकीला वही घेऊन तिथे खाली बसू द्या, कोणी हटकत नाही. पेन्सिलने चित्र काढायला मुभा आहे.

नॅशनल गॅलरीत लेकीला एक चित्र नक्की दाखवा. होल्बाइनचं 'दि अँबॅसेडर्स', १५३३ चं. जवळजवळ दोन मीटर लांब-रुंद. दोन श्रीमंत माणसं उभी, मध्ये फळीवर पृथ्वीगोल, ग्रंथ, वाद्यं. आईला सांगा, त्या वाद्याची एक तार तुटलेली आहे, ती शोधा. आणि पायांपाशी एक तिरपा, करडा, कसलाच बोध न होणारा पट्टा आहे. चित्राच्या उजव्या कडेला भिंतीलगत जाऊन तिरकं बघितलं की त्या पट्ट्याची कवटी होते. मुलं हे बघून किंचाळतात. मोठी माणसं किंचाळत नाहीत इतकंच. वर डावीकडे हिरव्या पडद्याआड अर्धा लपलेला क्रूस आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

मुग्धाई
वरच्याला अनुमोदन. आमच्या मुलाने कवटीसाठी पाच वेळा पुढे-मागे केलं, सुरक्षारक्षक काकू हसत होत्या.

मुलीसाठी आणखी काही: व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्लास्टरच्या प्रतिकृतींचं दालन आहे. रोममधला ट्राजनचा स्तंभ इतका उंच की छतात मावला नाही म्हणून त्याची प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी केलीय. चित्र काढणाऱ्या मुलीला तिथून उठवणं कठीण. तिथल्याच दक्षिण आशियाच्या संग्रहातला टिपूचा वाघ: लाकडी वाघ एका गोऱ्या शिपायाला फाडतोय, आणि आत चक्क ऑर्गन बसवलाय. मूठ फिरवली की शिपायाचा हात हलायचा आणि कण्हण्याचा आवाज यायचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणातून उचलून आणला. दालनं अधूनमधून कामासाठी बंद असतात, तेवढं साइटवर बघून जा.

किंग्ज क्रॉसच्या मागे ग्रॅनरी स्क्वेअरला जमिनीतून उडणारी कारंजी आहेत, हजारावर. उन्हाचा दिवस असेल तर कपड्यांचा जादा जोड आणि टॉवेल घ्या. मुलं दोन तास नाचतात, आजी-आजोबा कालव्याच्या पायऱ्यांवर बसतात. तिथून ब्रिटिश लायब्ररी जवळ, तिच्या खजिन्याच्या दालनात मॅग्ना कार्टा ही इंग्लंडची जुनी सनद फुकट बघायला मिळते.

आणि अत्यंत महत्त्वाचं: स्वच्छतागृहं. म्युझियममध्ये चांगली आणि फुकट. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरही आता पैसे लागत नाहीत. ट्यूब स्टेशनांच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच ठिकाणी नसतातच.

नाट्यवेडा
आईंसाठी मी लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

वेस्ट एंडच्या मोठ्या म्युझिकल्सचं एकेक तिकीट शंभर पाउंडांच्या पुढे जाऊ शकतं, पण तेवढे द्यायलाच हवेत असं नाही. लेस्टर स्क्वेअरच्या बागेत टीकेटीएसचा बूथ आहे, तिथे त्याच दिवसाची आणि पुढच्या काही दिवसांची तिकिटं सवलतीत मिळतात. त्याच चौकाच्या आसपास 'सवलतीची तिकिटं' अशा पाट्या लावलेली इतर दुकानंही आहेत. बागेतलाच बूथ बघा. मधल्या वारी दुपारचे प्रयोग असतात, बुधवारी किंवा गुरुवारी, आणि शनिवारी तर असतातच. वयस्क मंडळींना दुपारचा प्रयोग उत्तम, रात्री उशिरा परतायला नको. एक सांभाळा: जुन्या थिएटरांची वरची बाल्कनी फार उभी चढते, पाय ठेवायला जागा नाही आणि लिफ्टही नाही. तुमच्या बाबांसाठी खालचा स्टॉल्सचा मागचा भाग घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता खरं सोनं. शेक्सपिअर्स ग्लोब. मूळ ग्लोब १५९९ चं. १६१३ मध्ये प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि सगळं जळून गेलं. आजचं नाट्यगृह जवळजवळ त्याच जागी, त्याच पद्धतीने ओकचं लाकूड आणि गवती छप्पर वापरून उभारलं आणि १९९७ मध्ये सुरू झालं. मधला भाग उघडा, आभाळाखाली. त्या अंगणात सातशे माणसं उभं राहून नाटक बघतात आणि ही उभ्याची तिकिटं अगदी स्वस्त असतात. नट अंगणातून वाट काढत येतात, तुमच्या खांद्याला हात लावून संवाद म्हणतात. आपल्याकडे दशावतार किंवा तमाशा ज्यांनी मोकळ्या मैदानात बघितलाय त्यांना ही जवळीक लगेच ओळखीची वाटेल. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही, छत्री उघडू देत नाहीत, रेनकोट न्या. अंगणात खाली बसता येत नाही, त्यामुळे आई-बाबांना गॅलरीतले बाक घ्या आणि उशी भाड्याने घ्या. तुम्ही तिघं खाली उभे राहा. भाषा सगळी कळली नाही तरी चालेल. गोष्ट आधी घरी मराठीत सांगून ठेवा. आमच्या आईने मध्यंतरात मला सांगितलं की कोण कोणाला फसवतोय ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

दुसरं, प्रॉम्स. तुमच्या तारखा अगदी मोक्याच्या आहेत. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल असते. १८९५ मध्ये हेन्री वुड यांच्यासोबत ही परंपरा सुरू झाली ती मुळात स्वस्तात सगळ्यांना ऐकता यावं म्हणून, आणि ते अजून पाळलं जातं. त्या दिवशीच्या उभ्याच्या तिकिटाला सुमारे आठ पाउंड, जगातल्या पहिल्या फळीच्या वाद्यवृंदासाठी! हॉलच्या अगदी मध्ये, वादकांच्या पुढ्यात उभं राहायचं. आई-बाबांना बसायची तिकिटं वेगळी काढा. स्टेजच्या मागच्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) जागा मिळाल्या तर कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो. गाणाऱ्या माणसाला ते बघण्यात केवढा आनंद आहे ते शब्दांत सांगता येणार नाही. तो एका बोटाने सत्तर वादकांना थोपवून धरतो, आणि ते थांबणं तुम्हाला दिसतं.

गारवेल
नाट्यवेडा, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, प्रॉम्सचं आधी ठरव, बाकी तुमचं तुम्ही बघा!

नाट्यवेडा
मग आईंसाठी आणखी एक. सेंट पॉल्स किंवा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे आतून बघायचं तर भक्कम तिकीट आहे. पण संध्याकाळची 'इव्हनसाँग' प्रार्थना सगळ्यांसाठी खुली आणि फुकट, साधारण पाचच्या सुमारास. पाऊण तास गायन. कुठल्याही धर्माचे असा, शांत बसून ऐकायचं. फोन बंद, फोटो नाही. जुलैच्या शेवटी तिथल्या मुलांच्या शाळेला सुट्टी असते, त्यामुळे बाहेरगावची गायकवृंदं येऊन गातात. स्वर घुमटात वर जातो आणि गाणाऱ्यांनी तोंड मिटल्यावरही काही क्षण वरतीच राहतो. संवादिनीवर रियाज करणाऱ्या माणसाने हे एकदा ऐकावंच. थोडं आधी पोचा.

भ्रमणकर
सगळं छान चाललंय, पण मी थोडं वेगळं मत मांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी प्रसिद्ध ठिकाणं टाळावीत हे मला पटत नाही. आई-बाबा पुन्हा जाणार आहेत का? घरी आल्यावर चार माणसं विचारणार, कोहिनूर बघितला का. टॉवर ऑफ लंडनला पस्तीस पाउंडांच्या आसपास पडतात हे खरं, पण त्यात जवळजवळ साडेनऊशे वर्षांचा इतिहास उभा आहे. सकाळी उघडताक्षणी आत जा, सरळ राजमुकुटांकडे चला, तेव्हा रांग नसते. कोहिनूर ज्या मुकुटात बसवलाय त्याच्यासमोर सरकता पट्टा आहे, पुन्हा मागे जाऊन दोन-तीनदा बघता येतं. नंतर गडद निळ्या-लाल गणवेशातल्या रक्षकांची सहल धरा, ती तिकिटातच असते, आणि ते गोष्ट सांगण्यात फार पटाईत असतात.

जुनीपाने
भ्रमणकर, टॉवर बघूच नये असं कोणी म्हणत नाहीये. फक्त कोहिनूर बघताना लेकीला त्याच्यासोबतची गोष्टही सांगा. १८४९ मध्ये पंजाब खालसा झालं तेव्हा तहात हा हिरा लिहून घेतला, आणि ज्याच्याकडून घेतला तो महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता. गारवेल यांच्या लेकीच्याच वयाचा. ही गोष्ट तिच्या लक्षात राहील.

अमरावतीची शिल्पं, टिपूचा वाघ, कोहिनूर, हे सगळं बघताना मनात कालवाकालव होते. माझीही दर वेळी होते, आणि ती होऊ द्यावी असं मला वाटतं. जळफळून पाठ फिरवली तर त्या शिल्पकाराचं काम बघायचं राहून जातं, आणि नुसतं 'किती छान ठेवलंय' म्हणत पुढे गेलं तर ते तिथे आलं कसं हे विसरायला होतं. बाबांशी तिथल्या बाकावर बसून बोला. माझ्या मते लंडनमध्ये करण्यासारखं ते सगळ्यात मोलाचं बोलणं आहे.

थेम्सकाठी
भ्रमणकर यांचं म्हणणं मान्य, टॉवर घ्या. पण तो दिवस तेवढ्याच भागाला द्या. टॉवरमधून बाहेर पडून पाच-सात मिनिटांवर सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं चर्च, भिंती आणि खिडक्यांच्या कमानी तेवढ्या उरल्यात. आत बाग केलीय. कमानींतून वेली चढल्यात, मध्ये छोटं कारंजं. भोवती काचेच्या उंच इमारती, आणि आत ऑफिसातली माणसं डबा खात बसलेली. बाबांचा दुपारचा आराम तिथे होऊन जाईल. मग टॉवर ब्रिज पायी ओलांडून नदीच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडे या: बरो मार्केट, ग्लोब, टेट मॉडर्न, नॅशनल थिएटर. वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं मांडलेली असतात, वर पूल असल्यामुळे पावसातही. रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नॅशनल पोएट्री लायब्ररी आहे, कोणीही जाऊन कविता वाचत बसावं. खालच्या मजल्यावर नुसतं बसायलाही कोणी काही विचारत नाही. विद्यार्थी, म्हाताऱ्या जोड्या, बुद्धिबळ खेळणारे, गटागटाने नाच बसवणारी मुलं, सगळे असतात. तुम्ही म्हणालात ना माणसं बघायला जागा हवी, ती ही.

मुग्धाई
रविवारचा दिवस पूर्व लंडनला द्या असं सुचवते. सकाळी कोलंबिया रोडचा फुलबाजार. विक्रेते असे ओरडतात की मंडईची आठवण यावी! तिथून ब्रिक लेनला चालत या. फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे, वर सूर्यघड्याळ आणि १७४३ हे साल कोरलेलं. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे मेथॉडिस्टांचं चॅपल झालं. १८९८ मध्ये रशिया-पोलंडकडून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग. १९७६ पासून बांगलादेशी लोकांची जामे मशीद. भिंती त्याच, दार तेच. या शहरात कोण कोण आलं आणि कसं रुजलं हे समजून घ्यायला पुस्तक वाचायची गरज नाही, त्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहा.

कोकणकन्या२
मुग्धाई, फारच सुंदर माहिती. शाकाहारी जेवणाचं काय करायचं? माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत.

मुग्धाई
लंडनमध्ये शाकाहाराची अजिबात चिंता नको, बहुतेक मेनूवर शाकाहारी आणि व्हीगन खुणा असतात. अंडं चालत नसेल तर व्हीगन खूण बघायची. घरच्या चवीचं हवं असेल तर यूस्टन स्टेशनमागचा ड्रमंड स्ट्रीट, किंवा थोडं लांब वेम्बलीचा ईलिंग रोड. नीस्डनचं स्वामिनारायण मंदिरही त्याच बाजूला, १९९५ मध्ये झालं, संगमरवरातलं कोरीवकाम फार नाजूक आहे. आणि भाड्याचं घर असेल तर सकाळी पोळ्या लाटून घ्या. कुठल्याही बागेत डबा खाता येतो.

गारवेल
सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री आम्ही सगळे नकाशा पसरून बसलो होतो. बाबांनी चष्मा लावून एकेक पोस्ट वाचली, हाउली प्लेसवर लाल खूण केली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात 'चिरोल' असं लिहिलं. लेकीने कवटीचं चित्र शोधून बघू नये म्हणून तिच्यापासून टॅब्लेट लपवून ठेवलाय.

ठरलंय ते असं. सोमवारी पोचतोय, त्या दिवशी आराम आणि संध्याकाळी जमलं तर केन्सिंग्टन गार्डन्समध्ये फेरी. मंगळवारी सकाळी नॅशनल गॅलरी, दुपारी लिंकन्स इन फील्ड्समधलं वास्तुरचनाकार सर जॉन सोन यांचं घर (माझ्या मैत्रिणीने फार आग्रहाने सांगितलंय), संध्याकाळी सेंट पॉल्सला इव्हनसाँग. बुधवारी जुनीपाने यांचा कालव्याचा दिवस, शेवट प्रिमरोज हिल. गुरुवारी टॉवर आणि नदीकाठ, रात्री ग्लोब. शुक्रवारी सकाळ मोकळी, मग संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम. शनिवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि रात्री प्रॉम्स, दोन्ही एकाच बाजूला आहेत. रविवारी फुलबाजार आणि ब्रिक लेन, रात्री विमान. ग्रिनिच सोडलं. काही चुकतंय का?

थेम्सकाठी
आखणी उत्तम. दोनच गोष्टी. गुरुवारी टॉवर, नदीकाठची लांब चाल आणि रात्री ग्लोब हे बाबांना एका दिवसात जड होईल. टॉवरनंतर सेंट डन्स्टनच्या बागेत बसा आणि बसने घरी जाऊन झोप काढा. काठावरची चाल शुक्रवारच्या मोकळ्या सकाळी घ्या.

दुसरं, सोन यांचं घर सोमवार-मंगळवार बंद असतं, बुधवार ते रविवार उघडं. ते शुक्रवारी दुपारी ठेवा, तिथून ब्रिटिश म्युझियम चालत पंधरा मिनिटं. आणि ते सोडू नकाच. आपलं घर जसं होतं तसं ठेवावं म्हणून सोन यांनी १८३३ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला होता. चित्रांची खोली इतकी छोटी की आपल्या माजघराएवढी, पण तिच्या भिंती म्हणजे कपाटाच्या दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्या आहेत. आत चित्रं, मागे पुन्हा चित्रं. तिथली माणसं ठरलेल्या वेळी त्या उघडून दाखवतात. दारातच विचारून घ्या पुढची वेळ कोणती, आणि लेकीला पुढे उभं करा.

गारवेल
बदल केले. शुक्रवारी सोन, मग ब्रिटिश म्युझियम. ग्लोबची तिकिटं आत्ताच काढली: दोन बाकावरची, तीन उभ्याची.